उत्तर-रोमन काळातली ब्राँझची नाणी: ओळखायची कशी?

तांबट

रोमन नाणं हातात आलं की बहुतेक जण आधी चेहरा बघतात. नीरो, व्हेस्पेशियन, हेड्रियन यांच्या नाण्यांना ते चालतं, कारण तिथे माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. चौथ्या शतकातल्या ब्राँझच्या नाण्यांना ते अजिबात चालत नाही. कॉन्स्टंटाइन आणि त्याची मुलं नाण्यावर जवळजवळ सारखीच दिसतात: उजवीकडे वळलेलं तोंड, मोठा डोळा, सरळ नाक, दाढी नाही. ठसा कोरणाऱ्याला अमुक एक माणूस दाखवायचाच नव्हता, सम्राटपद दाखवायचं होतं. म्हणून माझं सांगणं असं की उलटं जा. आधी मागची बाजू, मग आकार आणि वजन, मग तळाची अक्षरं (टांकसाळीची खूण). चेहरा आणि नाव सगळ्यात शेवटी.

हा धागा ज्या नाण्यांबद्दल आहे ती साधारण इ.स. २९४ पासूनची, म्हणजे डायोक्लीशियनने नाणेपद्धत बदलली तेव्हापासूनची. शेवट इ.स. ४९८ चा धरतात, त्या वर्षी अनॅस्टेशियसने पुन्हा मोठी ब्राँझची नाणी काढली. सुरुवातीचं नाणं चांगलं दणकट होतं: दहा ग्रॅमच्या आसपास, वर चांदीचा पातळ मुलामा, मागे 'जेनिओ पोपुली रोमानी' हा लेख (म्हणजे कोरलेली अक्षरं) आणि हातात ताट घेतलेला उभा देव. पुढे ते झपाट्याने आक्रसत गेलं. ३१३ च्या सुमारास तीन-साडेतीन ग्रॅम, ३३० नंतर अडीच, ३३५ नंतर दीड. ३४८ मध्ये पुन्हा मोठं नाणं काढायचा प्रयत्न झाला, तेही दहा वर्षांच्या आत बारीक झालं. पाचव्या शतकात तर ग्रॅमभर वजनाचे कपटे राहिले. त्यामुळे अक्षर एकही वाचता येत नसलं तरी वजनावरून काळाचा अंदाज बांधता येतो. संग्राहक आकाराप्रमाणे चार गट करतात ('एई' म्हणजे तांबं-ब्राँझ): २५ मिमीच्या वर 'एई १', २१ ते २५ 'एई २', १७ ते २१ 'एई ३', आणि त्याखाली 'एई ४'. हे गट आपल्या सोयीचे आहेत. रोमन माणसाने ही नावं कधी ऐकली नव्हती.

मागच्या बाजूची चित्रं मोजकीच आहेत आणि प्रत्येकाचा काळ बराच नेमका ठाऊक आहे. 'सोली इनविक्तो कोमिती' या लेखाचा, डोक्याभोवती किरणं असलेला सूर्यदेव कॉन्स्टंटाइनच्या नाण्यांवर ३१७-१८ पर्यंत चालतो आणि मग जातो. किल्ल्याचा दरवाजा, वर दोन बुरूज आणि मध्ये चांदणी, हा ३२४ ते ३३०. दोन सैनिक भाले घेऊन समोरासमोर, मध्ये निशाण, लेख 'ग्लोरिया एक्सेर्कितुस', हा ३३० ते ३४१. लांडगी आणि तिला पिणारी दोन बाळं ३३० पासून. समोरासमोर हार धरलेल्या दोन पंखवाल्या विजयदेवता ३४१ ते ३४८. सैनिक पडत्या घोडेस्वाराला भाला खुपसतोय, लेख 'फेल टेम्प रेपारातिओ', हा ३४८ नंतरचा. एवढी चित्रं डोळ्यांना सवयीची झाली की बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा नाण्यांचा काळ तुम्हाला लगेच सांगता येईल.

एक लक्षात ठेवा. या नाण्यांवर 'यू' असा नसतोच, त्याच्या जागी 'व्ही' कोरलेला असतो. त्यामुळे कुठे 'व्ही' दिसला की गोंधळू नका.

ज्यांच्याकडे नाणी आहेत त्यांनी व्यास, वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाकावेत. फोटो वरून प्रकाश पाडून काढू नका. मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. सपाट प्रकाशात कोरं वाटणारं नाणं तिरप्या प्रकाशात दोन-चार अक्षरं दाखवतं.

मेघमल्हार

वाचनखूण साठवली. माझ्याकडे एकच आहे, पण मोठं आहे: २७ मिमी, आठ ग्रॅमच्या वर. मागे बैल, उजवीकडे तोंड करून उभा, डोक्यावर दोन चांदण्या. पुढे दाढीवाला माणूस.

तांबट

ज्युलियन. ३६१ ते ३६३. कॉन्स्टंटाइनचा पुतण्या, जुन्या देवांकडे परतलेला. चौथ्या शतकाच्या मध्यात दाढी दिसली की आधी त्याचंच नाव घ्यायचं. आता तळाला टांकसाळीची अक्षरं शोधा, बाकी सगळं तुमच्याकडे आहेच.

सोनचाफा

छान धागा. माझं नाणं ऑनलाइन घेतलेलं आहे. व्यास १८ मिमी, वजन (आमच्या सोनारांच्या काट्यावर) २.४ ग्रॅम. मागे दोन सैनिक आहेत, तुम्ही म्हणता तसे. मध्ये दोन दांडे दिसतात. तळाला 'सी-ओ-एन-एस' स्पष्ट आणि पुढे अजून एक अक्षर, ते झिजलंय. पुढच्या बाजूला लेखात मध्ये 'सी-ओ-एन-एस-टी-ए-एन-टी-आय' इतकं लागतं, आणि शेवटी 'एन-ओ-बी-सी'. पाकिटावर विक्रेत्याने 'कॉन्स्टंटाइन द ग्रेट' लिहिलंय. ते बरोबर आहे का?

तांबट

नाही, तो कॉन्स्टंटाइन द ग्रेट नाही, आणि ते तुमच्या मजकुरातच आलं आहे. 'एन-ओ-बी-सी' म्हणजे 'नोबिलिसिमुस सीझर', अर्थात युवराज. थोरला कॉन्स्टंटाइन या काळात 'ऑगस्टस', म्हणजे सम्राट, होता आणि त्याच्या लेखाचा शेवट 'मॅक्स ए-व्ही-जी' असा यायला हवा.

आता पायरी पायरीने जाऊ. मध्ये दोन निशाणं, वजन २.४, म्हणजे ३३० ते ३३५. पुढे त्यांनी निशाण एकच ठेवलं आणि वजनही दीड ग्रॅमपर्यंत उतरवलं, म्हणून दांडे मोजणं फार महत्त्वाचं. या पाच वर्षांत युवराज तीन: धाकटा कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टन्शियस आणि ३३३ पासून कॉन्स्टन्स. कॉन्स्टन्सच्या नावात 'टी-ए-एन' नंतर लगेच 'एस' येतो. तुम्हाला 'टी-आय' दिसतंय, म्हणजे तो गळला. उरले दोघे. त्या 'आय' नंतरचं अक्षर 'एन' असेल तर धाकटा कॉन्स्टंटाइन, 'व्ही' असेल तर कॉन्स्टन्शियस.

ते अक्षर नाहीच लागलं तर लेखाची सुरुवात बघा. लेख डाव्या खांद्याच्या खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. धाकट्या कॉन्स्टंटाइनचा लेख थेट नावाने सुरू होतो आणि नावानंतर 'आय-व्ही-एन' (म्हणजे धाकटा) येतं. कॉन्स्टन्शियसचा लेख 'एफ-एल आय-व्ही-एल' ने सुरू होतो, नाव त्यानंतर. म्हणजे खांद्यापाशी पहिलं अक्षर 'सी' आहे की 'एफ', एवढ्यावर निकाल लागतो.

सोनचाफा

तिरप्या प्रकाशात बघितलं. खांद्यापाशी उभा दांडा आणि त्याला वर दोन आडव्या रेघा. 'सी' नक्कीच नाही.

तांबट

मग 'एफ'. कॉन्स्टन्शियस, म्हणजे पुढे सम्राट झालेला कॉन्स्टन्शियस दुसरा, युवराज असतानाचा. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट आहे ना, तोही बघून घ्या. या काळात युवराजाला पानं आणि सम्राटाला रत्नांची किंवा मोत्यांची पट्टी असते.

आता तळ. 'सी-ओ-एन-एस' वर फार जण फसतात. दोन टांकसाळी ही अक्षरं वापरत. एक अर्थातच कॉन्स्टँटिनोपल. दुसरी फ्रान्समधलं आर्ल, कारण ३२८ च्या सुमारास त्या शहराचं नाव बदलून 'कॉन्स्टंटिना' केलं होतं. आर्लच्या नाण्यावर 'सी' च्या आधी 'पी' किंवा 'एस' असतो आणि शेवटी 'टी'. हा 'पी' म्हणजे टांकसाळीतला पहिला कारखाना, 'एस' म्हणजे दुसरा. कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यावर 'सी' च्या आधी काही नसतं आणि कारखान्याचा आकडा शेवटी, ग्रीक अक्षरात: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशा क्रमाने. अडचण अशी की ग्रीक गॅमा झिजला की हुबेहूब 'टी' सारखा दिसतो. म्हणून शेवटच्या अक्षराशी झटापट करू नका. 'सी' च्या डाव्या बाजूला कडेपर्यंत जागा रिकामी आहे का, एवढं बघा.

सोनचाफा

डावीकडे अक्षर आहे. पोट वर असलेला उभा दांडा. 'पी'!

तांबट

आर्ल, पहिला कारखाना, ३३० ते ३३५, कॉन्स्टन्शियस दुसरा युवराज असताना, 'ग्लोरिया एक्सेर्कितुस', दोन निशाणं. पाकिटावरचं लेबल बदला. आर्लला त्या पाच वर्षांत दोन निशाणांच्या मध्ये किंवा वर छोट्या खुणाही बदलत गेल्या, फांदी, हार वगैरे. ती खूण दिसली तर वर्षसुद्धा आणखी नेमकं करता येईल.

नाणेघाट

तांबटराव, टांकसाळींबद्दल थोडी भर घालतो. तळाच्या अक्षरांत 'एस-एम' दिसलं तर ते 'साक्रा मोनेता', म्हणजे 'पवित्र नाणं', आणि शहर त्याच्या पुढे. 'एस-एम-के' सायझिकस, 'एस-एम-एन' निकोमीडिया, 'एस-एम-एच' हेराक्लिया, 'एस-एम-टी-एस' थेसालोनिका, 'एस-एम-ए-एल' अलेक्झांड्रिया आणि 'एस-एम-ए-एन' अँटिओक. शेवटची दोन झिजलेल्या नाण्यावर सारखी वाटतात, तेव्हा 'ए' च्या पुढचं अक्षर एकरेघी आहे की रुंद, ते बघायचं. पश्चिमेकडे 'टी-आर' ट्रियर, 'एल-जी' लियों, 'ए-क्यू' अक्विलिया, 'आर' रोम. 'एस-आय-एस' म्हणजे सिसिया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक.

अजून एक. कारखान्याचं अक्षर लॅटिन (पी, एस, टी, क्यू) असेल तर टांकसाळ पश्चिमेची, ग्रीक असेल तर सिसियापासून पूर्वेची. शहराचं नाव पूर्ण पुसलं असलं तरी एका ग्रीक डेल्टावरून अर्धं साम्राज्य बाजूला काढता येतं.

३३५ ते ३३७ मध्ये चौथा युवराज पण आहे, डेल्मेशियस, कॉन्स्टंटाइनचा पुतण्या. ३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन वारल्यावर घराण्यातल्या पुरुषांची जी कत्तल झाली तीत तो गेला. त्यामुळे त्याची नाणी दोनच वर्षांची. एका निशाणाच्या नाण्यावर 'डी-ई-एल' किंवा 'डी-ए-एल' दिसलं तर नीट जपून ठेवा.

लेस्टरकर

मी इंग्लंडात असतो. इथे ही नाणी शेतांत अक्षरशः पसरलेली आहेत. डेव्हनमध्ये सीटनजवळ २०१३ मध्ये बावीस हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला, जवळजवळ सगळी हीच, कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांची. माझा प्रश्न एका बारक्या नाण्याबद्दल आहे. जेमतेम ११ मिमी, एक ग्रॅमही नाही. मागे पडता घोडेस्वार असावा असं वाटतं, पण घोडा म्हणजे चार काड्या आणि माणूस म्हणजे ठिपका. लेखात अक्षरं नाहीतच, नुसत्या उभ्या रेघा. झिजलंय म्हणावं तर रेघा धारदार आहेत.

तांबट

धारदार रेघा आहेत हे तुम्ही बघितलंत, त्यातच उत्तर आहे. नाणं झिजलेलं नाही, मुळातच असं पाडलेलं आहे. 'फेल टेम्प रेपारातिओ' ची ही स्थानिक नक्कल. ३५३ मध्ये मॅग्नेन्शियस हा बंडखोर सम्राट हरला, त्याची नाणी चलनातून गेली आणि गॉल (आजचा फ्रान्स)-ब्रिटनमध्ये सुट्या पैशांची टंचाई झाली. लोकांनी आपापली नाणी पाडली. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन वाचता येत नसावं, त्याने अक्षरांच्या जागी रेघा ओढल्या. यावर सम्राटाचं नाव शोधण्यात अर्थ नाही. लेबलवर लिहा: 'पडता घोडेस्वार, अनधिकृत नक्कल, ३५० चं दशक, ब्रिटन किंवा उत्तर गॉल'. हे पूर्ण वर्णन आहे. आणि माझ्या मते तुमच्या देशाच्या इतिहासाच्या दृष्टीने हे ट्रियरच्या चकचकीत नाण्यापेक्षा जास्त बोलकं आहे.

लेस्टरकर

पण तांबटराव, 'सम्राट अज्ञात' लिहिलं की नाणं अर्धवट ओळखल्यासारखं वाटतं. लोक नाव विचारतात.

तांबट

विचारतात खरे. पण बघा, नाण्याच्या चित्रात सम्राटाचं नाव ही सगळ्यात कमी नवी माहिती असते. ३३२ साली साम्राज्य कोणाचं होतं हे आपल्याला नाण्याशिवायही ठाऊक आहे. ते नाणं कुठे पाडलं आणि कुठे सापडलं, हे मात्र फक्त नाणंच सांगतं. ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या ३३० च्या दशकातल्या नाण्यांत ट्रियर आणि लियोंचा भरणा असतो. त्यावरून सैन्याचा पगार कुठून निघून कुठे जात होता ते दिसतं. हजार नाण्यांपैकी प्रत्येकाची टांकसाळ आणि काळ नोंदला आणि एकाही सम्राटाचं नाव लिहिलं नाही, तरी ती यादी कामाची आहे. उलट हजार वेळा नुसतं 'कॉन्स्टंटाइन' लिहिलेली यादी कोणाच्याही उपयोगाची नाही.

तुमच्याकडे लंडनची आहेत का? 'पी-एल-एन' किंवा 'पी-एल-ओ-एन'. ती टांकसाळ ३२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे दोन सैनिकांच्या नाण्यावर कोणी लंडन म्हणालं तर ते चूकच.

लेस्टरकर

एक आहे! मागे वेदीवर गोल आणि वर तीन चांदण्या.

नाणेघाट

'बेआता ट्रांक्विलितास', ३२१ च्या आसपासचं. वेदीवर 'व्होतिस एक्स-एक्स' असं लिहिलेलं असेल. लंडन, ट्रियर, लियों इथेच निघालं हे.

रसायनी

ओळखण्याच्या आधीचा विषय मांडतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. माती लागलेली नाणी मिळाली की आपल्याकडे पहिला हात चिंचेकडे, लिंबाकडे किंवा भांडी घासायच्या पावडरकडे जातो. कृपा करून असं करू नका. सोळाशे वर्षांत त्या नाण्याचा वरचा थर ऑक्साइड आणि कार्बोनेटमध्ये बदललेला असतो. अक्षरांचे काठ बऱ्याचदा त्या थरातच शिल्लक असतात, खालच्या धातूत नसतात. आम्लाने थर गेला की अक्षरंही गेली, आणि उरतो तो लाल, खरबरीत तांब्याचा तुकडा.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी वरचेवर बदला, आणि घाई करू नका. मऊ ब्रशने माती काढा. कडक राहिलेली माती भिंगाखाली लाकडी दातकोरणीने कोरा, सुई वापरायची ती फक्त हात बसला असेल तरच.

हिरव्या रंगाबद्दल. घट्ट, चकचकीत हिरवा थर चांगला, तो नाण्याला जपतो. फिकट हिरवी, नखाने निघणारी भुकटी दिसली की सावध व्हा, तो 'ब्राँझ रोग'. धातूत अडकलेलं क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतं आणि ते आतून खात जातं. असं नाणं वेगळं काढा आणि कोरडं ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर हवाबंद डब्यात सिलिका जेल हवंच. उपचाराला सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं द्रावण वापरतात. बेंझोट्रायाझोल हे दुसरं रसायन आहे, पण ते विषारी, घरी हात लावू नये.

सोनचाफा

रसायनी, हे फार वेळेवर लिहिलंत. माझ्याकडच्या दुसऱ्या एका नाण्यावर तशीच भुकटी आहे. आजच वेगळं ठेवते.

कावेरीकाठ

मी तंजावरचा, आमच्या घरात अजून जुनी मराठी चालते, लिहिण्यात चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. आमच्याकडे एका स्नेह्यांनी मला काही नाणी दाखवली. करूरच्या अमरावती नदीच्या पात्रातली म्हणून ती त्यांच्या वडिलांकडून आलेली. फार लहान आहेत, १३-१४ मिमी, वजन एक ग्रॅमच्या जवळ. एकावर आकृती चालताना दिसते, डावीकडे तोंड, खांद्यावर काही तरी घेतलंय आणि मागे कोणाला तरी ओढतेय. अक्षर एकही नाही. माझ्या वाचनात व्हॅलेन्सच्या नाण्यावरही कैद्याला ओढणारा सम्राट आहे. तर हे तेच का?

तांबट

फार मोलाचा प्रतिसाद! आणि मराठी सुरेख आहे.

प्रश्न नेमका आहे, कारण 'ओढणारी आकृती' दोन नाण्यांवर येते आणि मधे वीस-पंचवीस वर्षांचं अंतर आहे. व्हॅलेन्टिनियन आणि व्हॅलेन्सच्या नाण्यावर (३६४ ते ३७८) सम्राट आहे. तो उजवीकडे चालतो, एका हाताने कैद्याचे केस धरलेले, दुसऱ्या हातात निशाण. नाणं १७-१८ मिमी, वजन दोन ग्रॅमच्या वर, लेख 'ग्लोरिया रोमानोरुम'. दुसरं 'सालुस रेईपुब्लिके', ३८८ पासून पुढे पाचव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. त्यात विजयदेवता आहे. ती डावीकडे चालते, खांद्यावर जिंकलेल्या शस्त्रांचा दांडा, आणि कैद्याला ओढते. आकार १२ ते १४ मिमी, वजन ग्रॅमभर.

तुमचं दुसरं आहे. डावीकडची चाल, खांद्यावरचा दांडा आणि वजन, तिन्ही जुळतात. खात्री करायची तर आकृतीच्या पाठीमागे पंखाची तिरपी रेघ शोधा. डाव्या मोकळ्या जागेत छोटा क्रॉससारखा ख्रिस्ती संकेतही असू शकतो.

नुसत्या 'ग्लोरिया रोमानोरुम' या लेखावर मात्र कोणीच विसंबू नये. तोच लेख कैदी ओढणाऱ्या सम्राटाला, घोड्यावरच्या सम्राटाला, दोन उभ्या सम्राटांना आणि तीन उभ्या सम्राटांना, असा पन्नासएक वर्षं लावला गेला. तिथे चित्रच बघावं लागतं.

कावेरीकाठ

पंखाची रेघ आहे. आणि तुम्ही तीन सम्राट म्हणालात, तसंही एक आहे त्यात. तीन उभ्या आकृत्या, मधली बाकीच्यांपेक्षा लहान.

नाणेघाट

मधला लहान म्हणजे बाळ थिओडोसियस दुसरा! दोन बाजूंना वडील आर्केडियस आणि काका होनोरियस. ४०६ ते ४०८. पूर्वेच्या टांकसाळींचंच नाणं. अक्षर नसताना इतका नेमका काळ क्वचितच मिळतो.

मेघमल्हार

पण ही नाणी तमिळ प्रदेशात आली कशी? आपण रोमन व्यापार म्हणतो तो पहिल्या-दुसऱ्या शतकातला ना? कोल्हापूरला ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती, तेर, सातवाहन वगैरे?

कावेरीकाठ

आपल्याकडे दोन लाटा दिसतात. पहिल्या लाटेत ऑगस्टस आणि टायबेरियस या सुरुवातीच्या सम्राटांची चांदीची आणि सोन्याची नाणी, ती मोठ्या साठ्यांत मिळतात. नंतर बराच काळ ओस. मग चौथ्या शतकात पुन्हा सुरू, आणि या वेळी ही बारीक ब्राँझची. करूरला अमरावतीच्या आणि मदुरैला वैगैच्या पात्रात ती सापडली. आर. कृष्णमूर्ती यांनी त्यांचा मोठा संग्रह करून त्यावर लिहिलं. श्रीलंकेत तर ती हजारोंनी मिळतात, आणि तिथे लोकांनी त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या. लेस्टरकरांच्या ब्रिटनसारखंच, फक्त दुसऱ्या टोकाला.

माझ्या मनात येतं ते असं. सोनं-चांदी व्यापारी किमतीसाठी आणतो. ग्रॅमभराचं तांबं कोणी किमतीसाठी समुद्रापार नेत नाही. म्हणजे ते इथल्या बाजारात सुटे पैसे म्हणून चालत असणार. ती इतकी झिजलेली आहेत त्याचं कारणही तेच असावं.

तांबट

पटलं. म्हणूनच तुमच्या स्नेह्यांना सांगा की नाणी घासू नका, आणि 'अमरावतीचं पात्र, वडिलांकडून' ही माहिती प्रत्येक पाकिटावर आजच लिहून ठेवा. ती तोंडी राहिली तर एका पिढीत जाते, आणि मग उरतं ते बाजारात कुठेही मिळणारं नाणं.

नाणेघाट

कायद्याचंही सांगून ठेवतो. आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. ज्यांना बसून अभ्यास करायचा आहे त्यांच्यासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

लेस्टरकर

इथे दहा किंवा जास्त जुनी तांब्याची नाणी एकत्र सापडली तर 'ट्रेझर' म्हणून कळवणं बंधनकारक आहे. एकटं-दुकटं मिळालं तरी पुष्कळ लोक आपणहून नोंदवतात, त्यासाठी ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली खास योजना आहे. जागा, वजन, टांकसाळ सगळं नोंदलं जातं. माझं ११ मिमीचं शेतातलंच आहे, आता 'नक्कल, ३५० चं दशक' अशीच नोंद करायला देतो.

सोनचाफा

एक शेवटचं विचारते. टांकसाळ, काळ, युवराज हे सगळं कळल्यावर पुढे पडताळायचं कुठे?

तांबट

'ओसीआरई' नावाचा रोमन नाण्यांचा मोफत ऑनलाइन संग्रह आहे. तिथे सम्राट, टांकसाळ आणि मागच्या बाजूचा लेख निवडला की चित्रांसह यादी येते. तुमच्या नाण्यासाठी कॉन्स्टंटाइन पहिला, आर्ल, 'ग्लोरिया एक्सेर्कितुस' असं निवडा. युवराजांची नाणी राज्यकर्त्या सम्राटाच्या खाली लावलेली असतात, म्हणून कॉन्स्टन्शियसच्या नावाखाली शोधत बसू नका. मग निशाणांच्या जवळची छोटी खूण जुळवा.

कावेरीकाठ, तुमच्या विजयदेवतेच्या नाण्याच्या पुढच्या बाजूचा फोटोही टाका. नाव पूर्ण नको. चेहऱ्यासमोर, म्हणजे उजव्या अर्ध्या भागात, 'पी-एफ ए-व्ही-जी' च्या आधी किती अक्षरांची जागा आहे ते मोजता आलं तर 'व्हॅलेन्टिनियानुस' सारखं लांब नाव आणि 'आर्केडियुस' सारखं आखूड, एवढं वेगळं काढता येईल. नाही जमलं तर लेबल असं: 'सालुस रेईपुब्लिके, ३८८ ते पाचव्या शतकाची सुरुवात, सम्राट आणि टांकसाळ वाचता येत नाही, करूर, अमरावती पात्र'.

कावेरीकाठ

उद्या सकाळच्या उन्हात फोटो काढतो. तिरप्या प्रकाशात.